तेवीस नंबरचा तुरा

शनिवार, १६ जून २००७. सत्तावीस हजार सहाशे रुपये, संगणक आणि तो ठेवायच्या मेजासकट. हजर तिघं: डिचोलीच्या बाजारातला दुकानदार, पुण्याहून चार दिवसांची रजा काढून आलेली माझी मुलगी आणि मी. पैसे मी दिले, पण वस्तू हवी होती मुलीला. तिचं म्हणणं असं की फोनवर मी फक्त ‘बरं आहे’ एवढंच सांगतो आणि मग दोघं गप्प बसतो. लिहून तरी जास्त बोलेन.

तिची आई आदल्या वर्षी श्रावणात गेली होती. चवथीला आठ दिवस होते. सुतक होतं म्हणून त्या वर्षी आमच्या घरी गणपती आणला नाही. नंतरचे दहा महिने मी सकाळी पोळी भाजायचो, डबा घ्यायचो आणि कामावर जायचो. माझी नोकरी घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचायची. महिन्याला दोनशे दहा घरं. प्रत्येक घरात कुणीतरी दार उघडतं, मी आकडा लिहितो, दार बंद होतं. या नोकरीतला माणूस एकटा असेल असं कुणाला वाटत नाही.

इंटरनेट मी अगदीच पाहिलं नव्हतं असं नाही. २००२ साली मुलीचा बारावीचा निकाल पाहायला बाजारातल्या सायबर कॅफेत गेलो होतो. तासाला तीस रुपये होते, आम्ही वीस मिनिटं बसलो, त्यानं पंधरा घेतले. तेव्हा ते मला पंचायतीबाहेरच्या सूचनाफलकासारखं वाटलं. कुणीतरी चिकटवून गेलेलं असतं, आपण हात मागे बांधून वाचायचं आणि निघायचं. त्या फलकावर आपणही काही लावावं हे कुणाच्या मनात आलं नसतं.

आता मुलीनं दाखवलं ते वेगळं होतं. लेख किंवा बातमी संपली की खाली एक रिकामी चौकट. त्यात कुणीही लिहायचं, बटण दाबलं की ते त्याच पानावर, त्याच अक्षरात, मूळ मजकुराखाली दिसायचं. काही पानं तर अशी की वाचणारेच ती लिहीत होते आणि एकमेकांचं दुरुस्त करत होते. तिनं माझ्या नावावर फुकट मिळणारं एक पान उघडून दिलं आणि देवनागरी टाइप करायला शिकवलं. पानाच्या तळाशी एक मोजणी लावली. कुणी पान उघडलं की आकडा एकानं वाढतो. ‘बाबा, तुमच्यासाठी मीटर,’ ती म्हणाली आणि पुण्याला गेली.

काय लिहावं ते मला सुचेना. पंधरा दिवस पान कोरंच होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्या थोरल्या भावाचा धारगळहून फोन आला. आमचं मूळ घर धारगळला. भाऊ तिथेच असतो, शेती आणि हमरस्त्यावर एक दुकान. त्याचं म्हणणं होतं की गेल्या वर्षी खंड पडलाच आहे, तर आता डिचोलीचा गणपती बंद करावा आणि मी मूळ घरी यावं. पूर्वी आम्ही सगळे तिथेच जायचो. गोवा राज्य झालं त्या वर्षी, १९८७ साली, बायकोनं हट्ट धरला आणि आम्ही डिचोलीच्या भाड्याच्या खोलीत वेगळा गणपती आणला. पुढे घर बांधलं तेव्हा तो त्या घरात आला. २००५ पर्यंत एकोणीस वेळा.

“बायल नासताना माटोळी कोण बांधतलो?” भाऊ म्हणाला. “तुका कवंडळ आणि तवशें यांतलो फरक कळता?”

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला रानातली आणि परसातली फळं, शेंगा, पानं बांधतात. नारळ आणि सुपारीचा घोस सगळीकडे असतो, बाकीचं प्रत्येक घराण्याचं ठरलेलं. कवंडळ हे रानातलं कडू फळ आणि तवशें म्हणजे काकडी, एवढा फरक मला कळत होता, पण सगळं मिळून काय काय लागतं ते माहीत नव्हतं. तरीही मी सांगितलं की यंदा मी गणपती आणणार आणि माटोळी बांधणार. तो म्हणाला, बघूया. मला स्पष्ट दिसत होतं की यंदा जमलं नाही तर या घरात पुन्हा कधीच गणपती येणार नाही आणि मग ते घर नुसतं माझ्या झोपण्याची जागा होईल.

बायकोची यादी कपाटात होती. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीनं लिहिलेले अडतीस नग, पुढे संख्या. कागद मऊ पडला होता, फाटला तर संपलं. म्हणून मी ती यादी संगणकावर उतरवली. वर लिहिलं, ‘आमच्या घराण्याची माटोळी’. खाली एक ते अडतीस क्रमांक. शेवटी एक ओळ: ‘यांतली काही फळं मला ओळखता येत नाहीत. माहीत असल्यास कळवावे.’ बटण दाबलं तेव्हा रविवार दुपार होती.

जुलैअखेर मोजणी चौसष्टवर आली. त्यांतल्या एक्कावन्न वेळा मी स्वतः उघडून पाहिलं होतं. मुलीला विचारलं, ती म्हणाली आठ. उरले पाच. मुलगी म्हणाली की माझं स्वतःचं उघडणं मोजू नये अशी सोय करता येते. मी ती केली नाही. आकडा फारच खाली आला असता.

त्या पाचांपैकी एकानं चौकटीत लिहिलं. मस्कतला नोकरी करणारा, मूळचा मोरजीचा. सतरा नंबरचं फळ कोणतं ते त्यानं सांगितलं आणि त्याच्या आईकडे त्याला काय म्हणतात तेही. त्यानं बहुधा ते पान इतरांना पाठवलं असावं, कारण ऑगस्टात लोक येऊ लागले. एकजण लिहायचा, आमच्याकडे हे बांधत नाहीत. दुसरा त्याला विचारायचा, तुम्ही कुठले? तिसरी बाई चौथ्याला रागवायची. एकानं लिहिलं की गोंयांत रावून मराठीत कित्याक बरयता? मी उत्तर दिलं की घरात मी कोकणीच बोलतो, शाळेत हाताला मराठी लागली, आता बावन्नाव्या वर्षी हात बदलत नाही. त्यावर दोन दिवस त्यांचं आपसात भांडण चाललं. त्यात मला कुणी काही विचारलं नाही.

पंधरा ऑगस्टपर्यंत लोकांनी माझ्या अडतीस नगांखाली आणखी चौऱ्याहत्तर नगांची नावं लिहिली होती. यादी आता माझी राहिली नव्हती, ती येणाऱ्याजाणाऱ्यांची झाली होती. संध्याकाळी मी जनेलाशी कदेल, म्हणजे खिडकीशी खुर्ची, ओढून बसायचो आणि नवे शेरे वाचायचो. आपल्या घरापुढच्या बाल्कांवात शेजारी जमून गप्पा मारतायत आणि आपण आत बसून ऐकतोय, तसं. मी बाहेर आलो असतो तर कुणी हाकललं नसतं. पण काय बोलायचं ते सुचायचं नाही. त्याच महिन्यात मुलीच्या कंपनीनं तिला तीन महिन्यांसाठी परदेशी पाठवलं. चवथीला ती येणार नव्हती.

सगळ्यांत जास्त चेष्टा तेवीस नंबरची झाली. तेवीस नंबर: ‘रानसुरणाचा लाल तुरा, एक’. रानसुरणाला पावसाच्या शेवटी जमिनीतून सरळ दांडा येतो आणि त्यावर लाल फळांचा गच्च तुरा धरतो. दिसायला सुंदर, पण नुसता हात लागला तरी खाज सुटते. लोक लिहायचे, गणपतीला खाजवायला लावता काय? कुणी विचारलं, तेवीस नंबर बांधताना हातमोजे घालता का? मलाही हसू यायचं. बायकोला मी एकदा विचारलं होतं की हा कशाला. ती म्हणाली होती, “रंगाक बरो.” मी पुन्हा विचारलं नाही.

ही चेष्टा मुंबईत राहणाऱ्या माझ्या पुतण्यानं वाचली आणि भावाला सांगितली. भावाचा फोन लगेच आला.

“आपल्या पणज्यान हो दांडो कधी पळयलो पण नाय,” तो म्हणाला. “घराण्याची म्हणून बरयतास आणि जगाक फट सांगतास.”

फट म्हणजे खोटं. आयुष्यात माझ्यावर कुणी खोटा आकडा लिहिल्याचा आरोप केला नव्हता. मी आमच्या एका वृद्ध चुलतीला फोन करून खात्री केली. भावाचं खरं होतं. रानसुरण आमच्या घराण्यात कधीच नव्हता. वर ‘घराण्याची’ असं लिहून त्याखाली घराण्यात नसलेली वस्तू ठेवणं मला पटेना. त्याच रात्री मी तेवीस नंबर काढून टाकला आणि पुढचे क्रमांक नीट लावून घेतले. यादी सदतीसची झाली.

ही माझी चूक. कागदावर असतं तर चाललं असतं. पण खाली लोकांनी जे लिहिलं होतं ते तसंच होतं आणि ते सगळं नंबरांवर होतं. चोवीस नंबरचं तोरिंजन, म्हणजे पपनस, सरकून तेवीसवर आलं आणि खाजेचे सगळे विनोद त्या निरुपद्रवी फळावर जाऊन बसले. नाशिकच्या एका मुलीनं लिहिलं की तिनं भीतीनं आजीला तोरिंजन सोलूच दिलं नाही. चोवीसच्या पुढचे सगळेच शेरे एकेका फळानं चुकले होते. माझं लिहिलेलं मी पुसू शकत होतो, त्यांचं नाही. आणि दोन्ही एकमेकांत अडकलेलं होतं.

चौथ्या दिवशी एक शेरा आला. इंग्रजी अक्षरांत, पण भाषा मालवणी. “तेवीस नंबर खंय गेलो? आमची आत्ये दर रविवारी मका तो वाचूक सांगता.”

लिहिणारी दोडामार्गच्या बाजूच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिनं पुढे लिहिलं होतं की ही आत्ये तिच्या शेजारची, डोळ्यांनी दिसत नाही. माटोळीत रानसुरण फक्त त्यांच्याच वाडीत बांधतात आणि तोही दोन-तीन घरांतच. म्हणून हे कुणी लिहिलंय असं ती सारखी विचारते. मी गावाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. ते माझ्या बायकोच्या माहेरचं गाव होतं.

मी उठून पाणी प्यायलो. मग माझ्या सासऱ्यांचा धंदा लिहिला आणि घराची खूण लिहिली, ओळख पटते का विचारलं. उत्तर यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मोजणी एकतीसनं वाढली. त्यांतली बहुतेक उघडणी माझीच असावीत.

उत्तर असं होतं. सासऱ्यांना मुलगा नव्हता. १९८६ साली ते गेले, घराला कुलूप लागलं आणि त्या घरचा गणपती बंद झाला. हे मला माहीत होतंच. मी त्यांच्या तिरडीला खांदा दिला होता. पण त्याच्या पुढच्याच वर्षी बायकोनं डिचोलीत वेगळा गणपती हवा म्हणून हट्ट धरला, या दोन गोष्टी मी वीस वर्षांत एकदाही शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मला वाटायचं तिचं धारगळला जावेशी पटत नाही.

गुरुवारी, चवथीच्या दोन दिवस आधी, मी रजा टाकली आणि सकाळच्या बसनं गेलो. डिचोलीच्या माटोळी बाजारात मी आधी विचारून पाहिलं होतं. विकणाऱ्या बाया हसल्या होत्या, सुरणाचो दांडो कोण विकत घेता? मग बायको दरवर्षी तो आणायची कुठून, हे मला कळेना.

शिक्षिका बसथांब्यावर आली होती. ती तिशीची असेल. मी पन्नाशीचा आहे हे तिला शेऱ्यांवरून कळलं नव्हतं, तिला म्हणे कुणी कॉलेजातला मुलगा वाटला होता. आत्ये पडवीत बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं माझा हात धरला आणि सोडला नाही. तिच्याकडून जे कळलं ते थोडक्यात असं. माझी बायको दरवर्षी चवथीच्या दोन दिवस आधी सकाळच्या बसनं यायची. घरामागच्या उतारावर जाऊन केळीच्या पानात गुंडाळून तुरा काढायची, कुलूप लावलेल्या घराच्या पायरीवर थोडा वेळ बसायची आणि दुपारच्या बसनं परत जायची. चहासुद्धा घ्यायची नाही. मी त्या वेळी कुणाच्या तरी दारात मीटर वाचत असायचो. संध्याकाळी घरी आलो की ती सांगायची, बाजारात गर्दी होती.

“एकोणीस चवथी तिच्या हातचा जेवलंस,” आत्ये म्हणाली, “नि येकदाय इचारलंस नाय?”

मी म्हटलं, एकदा विचारलं होतं.

“मगे?”

“रंगाक बरो, म्हणाली.”

आत्ये हसली. “तशीच ती. तू दुसऱ्यांदा इचारतंस काय ता बघी होती.”

शिक्षिकेनं मला उतारावर नेलं. कुलूप गंजून गेलं होतं, पायरीवर शेवाळ. तुरे तीन होते. मी एक काढला, केळीच्या पानात धरून. तरीही मनगटाला खाज सुटली, ती दोन दिवस राहिली.

रात्री घरी येऊन पहिल्यांदा यादी दुरुस्त केली. तेवीस नंबर जिथे होता तिथे परत लावला. वरचं ‘घराण्याची’ काढून टाकलं. तेवीसपुढे लिहिलं की हा माझ्या पत्नीच्या माहेरचा आहे, ते घर १९८६ पासून बंद आहे, १९८७ पासून तिनं हा आमच्या माटोळीत बांधला आणि मला आज कळलं. खालचे शेरे पुन्हा आपापल्या फळांवर जाऊन बसले. तोरिंजनाबद्दल माफी मागितली.

शुक्रवारी माटोळी बांधली. अडतीस नग, स्टुलावर चढउतार, चार तास दहा मिनिटं. स्टूल धरायला कुणी नव्हतं म्हणून ते भिंतीशी टेकवून थोडं थोडं सरकवत गेलो. शनिवारी गणपती आणला. आरती एकट्यानं म्हणताना मध्येच शब्द चुकतात, एरवी दुसऱ्याच्या आवाजानं ते निभतात. दुपारी फोटो काढून पानावर लावला आणि जेवायला बसलो.

रविवारी ऋषिपंचमीला भाऊ आला. एकटाच. आत आल्याबरोबर त्यानं वर पाहिलं. त्याला तुरा शोधावा लागला नाही, लाल रंग लगेच दिसतो.

“परत बांधलंस?”

मी हो म्हटलं.

“ती गेली. आता हो कोणासाठी?”

मी त्याला कदेलीवर बसवलं, संगणक चालू केला आणि तेवीस नंबरखाली तीन दिवसांत आलेले शेरे एकेक मोठ्यानं वाचून दाखवले. चौदा होते. मस्कतवाल्यानं लिहिलं होतं की त्याच्या आईनंही असंच काहीतरी माहेरचं बांधलं असेल, आता विचारायला ती नाही. नाशिकच्या मुलीनं लिहिलं होतं की आजीला विचारलं आणि आजी दोन तास बोलली. एका बाईनं फक्त एवढंच लिहिलं होतं, ‘मी पण आणते. घरात माहीत नाही.’ हातमोज्यांचा विनोद करणाऱ्यानं आपला विनोद मागे घेतला होता. मुलीचा शेरा अकरावा होता, परदेशातून. तोही मी तसाच मोठ्यानं वाचला. शेवटचा आत्येनं सांगितलेला आणि शिक्षिकेनं लिहिलेला: ‘त्या घराचो गणपती डिचोलेक बसलो, बरा झाला.’

भावानं कदेल पडद्याजवळ ओढली.

“हे सगळे तुका वळखतत?” त्यानं विचारलं.

“नाय,” मी म्हटलं. “एकूय नाय.”

त्यानं मान हलवली. पुन्हा धारगळला चल असं तो म्हणाला नाही. आम्ही जेवलो, भात जरा कच्चा राहिला होता, तरी त्यानं ताट संपवलं. चार वाजता तो उठला आणि गणपतीसमोर उभा राहिला. आमच्या घराण्यात घरच्या गणपतीपुढे घरचा माणूस पैसे ठेवत नाही, ते पाहुण्यानं ठेवायचे असतात. एवढ्या वर्षांत तो आमच्याकडे चवथीला अनेकदा आला होता आणि नुसता हात जोडून गेला होता, कारण त्याच्या लेखी हा धारगळच्याच घराचा गणपती होता. त्या दिवशी त्यानं खिशातून पाकीट काढलं, दहाची नोट आणि एक रुपयाचं नाणं शोधलं आणि माझ्या घरच्या गणपतीपुढे अकरा रुपये ठेवले.